आयातीच्या स्पर्धेमुळे काम गेलेल्या कारखाना कामगारांसाठी सरकारी मदत : इंदूर-पीथमपूर परिसरातून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

परदेशातून आलेला स्वस्त माल बाजारात उतरला की कारखान्याच्या ऑर्डरी आटतात, पाळ्या कमी होतात आणि शेवटी कामगारांच्या हातात कागद पडतो. सांवेर रोड, पोलो ग्राउंड आणि पीथमपूर येथील कारखान्यांत काम करणाऱ्या मराठी कुटुंबांकडून या संदर्भात येणारे प्रश्न आणि त्यांची उत्तरे पुढे दिली आहेत. २१ नोव्हेंबर २०२५ पासून देशात चार नव्या कामगार संहिता लागू झाल्या असल्यामुळे उत्तरे प्रामुख्याने त्यांच्या आधारे दिली आहेत. आपले काम त्या तारखेपूर्वी गेले असेल, तर १९४७ चा औद्योगिक विवाद कायदा लागू होतो. नुकसानभरपाईची मूळ तत्त्वे दोन्हींत जवळपास सारखी आहेत.

आयातीमुळे काम गेलेल्या कामगारांसाठी भारतात एखादी स्वतंत्र योजना आहे का?

नाही. काम आयातीमुळे गेले, यंत्रामुळे गेले की मालकाच्या गैरव्यवस्थापनामुळे गेले, याची दखल घेऊन वेगळी मदत देणारी कोणतीही केंद्रीय योजना आज अस्तित्वात नाही. जी मदत मिळते ती चार ठिकाणांहून मिळते : मालकाने द्यायची नुकसानभरपाई आणि ग्रॅच्युइटी, कर्मचारी राज्य विमा महामंडळाचा म्हणजे ईएसआयचा बेरोजगारी भत्ता, भविष्य निर्वाह निधी, आणि प्रशिक्षण किंवा कर्जाच्या सर्वसाधारण योजना.

याचा एक परिणाम फार महत्त्वाचा आहे. आयातीमुळेच काम गेले हे आपल्याला कोठेही सिद्ध करावे लागत नाही. पण काम कोणत्या प्रकारे संपले, म्हणजे कामगारकपात झाली, कारखाना बंद झाला की आपण राजीनामा दिला, यावर जवळपास सर्व हक्क अवलंबून असतात. म्हणून या पानावर सर्वांत अधिक भर, काम कसे संपले हे ज्यात लिहिलेले असते, त्या एका कागदावर दिला आहे.

अमेरिकेत आणि युरोपात अशी योजना असल्याचे ऐकतो. ती कशी असते?

अमेरिकेत १९६२ च्या व्यापार विस्तार कायद्याने अशी मदत सुरू झाली आणि १९७४ च्या व्यापार कायद्याने ती बरीच व्यापक झाली. एकाच कारखान्यातील तीन कामगार, त्यांची संघटना किंवा स्वतः कंपनीही केंद्रीय कामगार खात्याकडे अर्ज करू शकत असे. आयात वाढल्यामुळे काम गेले असे चौकशीत ठरले की त्या गटाला प्रशिक्षणाचा खर्च, नेहमीचा बेरोजगारी भत्ता संपल्यानंतरही प्रशिक्षण चालू असेपर्यंत उत्पन्नाचा आधार, आणि पन्नाशी ओलांडलेल्यांनी कमी पगाराची नोकरी धरल्यास पगारातील तफावतीचा काही भाग, अशी मदत मिळे. मात्र कायद्याची मुदत न वाढवल्यामुळे १ जुलै २०२२ पासून नव्या गटांना मान्यता देणे तेथे थांबले आहे. युरोपीय संघाचा जागतिकीकरण समायोजन निधी २००७ पासून चालू असून, २०२१ पासूनच्या नियमांनुसार साधारणपणे किमान २०० कामगारांची कपात झाली असेल तर सदस्य देशाच्या सरकारला त्यासाठी अर्ज करता येतो.

भारतात असा प्रयत्न कधीच झाला नाही का?

झाला होता, आणि त्यातील एक प्रयत्न गिरण्यांच्या इंदूरला जवळचा आहे. १५ सप्टेंबर १९८६ पासून केंद्राच्या वस्त्रोद्योग मंत्रालयाने वस्त्रोद्योग कामगार पुनर्वसन निधी योजना चालवली. कायमच्या बंद पडलेल्या खासगी गिरण्यांतील पात्र कामगारांना पहिल्या वर्षी वेतनाच्या ७५ टक्के, दुसऱ्या वर्षी ५० टक्के आणि तिसऱ्या वर्षी २५ टक्के अशी उतरती रक्कम त्यातून मिळत असे. १ एप्रिल २०१७ पासून ही योजना ईएसआयच्या राजीव गांधी श्रमिक कल्याण योजनेत विलीन करण्यात आली.

दुसरा प्रयत्न राष्ट्रीय नवीकरण निधीचा. आर्थिक उदारीकरणाने ज्यांचे काम जाईल त्यांना नुकसानभरपाई आणि नवे कौशल्य मिळावे, या हेतूने तो फेब्रुवारी १९९२ मध्ये स्थापन झाला. प्रत्यक्षात त्यातील बहुतेक पैसा सरकारी कंपन्यांच्या स्वेच्छानिवृत्ती योजनांवर खर्च झाला आणि २००० साली निधी गुंडाळण्यात आला. खासगी कारखान्यांतील कामगारांपर्यंत तो पोहोचलाच नाही, ही त्या निधीची मोठी उणीव होती आणि ती आजतागायत भरून निघालेली नाही.

कारखाना अजून चालू आहे, पण काम नसल्यामुळे घरी बसवले आहे. या काळात काही मिळते का?

याला कायद्यात ले-ऑफ म्हणतात. मागील महिन्यात सरासरी ५० किंवा अधिक कामगार असलेल्या, हंगामी नसलेल्या कारखान्यात एक वर्ष सलग सेवा झालेल्या कायम कामगाराला ले-ऑफच्या दिवसांसाठी मूळ वेतन आणि महागाई भत्ता यांच्या बेरजेच्या ५० टक्के रक्कम मिळते. बदली कामगाराला, म्हणजे गैरहजर कायम कामगाराच्या जागी काम करणाऱ्याला, ती मिळत नाही. मालकाने ठरवून दिलेल्या वेळी रोज गेटवर हजेरी न लावल्यास हा हक्क जातो. तेव्हा हजेरी लावावी आणि तिची नोंद करून घ्यावी. बारा महिन्यांत ४५ दिवसांहून अधिक ले-ऑफ झाल्यास मालकाला कपातीचा मार्ग मोकळा होतो आणि त्या बारा महिन्यांत दिलेली ले-ऑफची रक्कम तो पुढे कपातीच्या नुकसानभरपाईतून वळती करू शकतो. ३०० किंवा अधिक कामगारांच्या कारखान्यात ले-ऑफलाही सरकारची पूर्वपरवानगी लागते.

व्यवस्थापन सांगते, “बाहेरच्या मालामुळे आम्ही टिकत नाही, राजीनामा द्या, लगेच हिशेब करून देतो.” राजीनामा द्यावा का?

पूर्ण हिशेब समजून घेतल्याशिवाय अजिबात देऊ नये. या पानावरील इतर सर्व उत्तरे विसरली तरी हे एक उत्तर लक्षात ठेवावे, अशी आमची कळकळीची विनंती आहे.

एक उदाहरण घेऊ. मूळ वेतन आणि महागाई भत्ता मिळून मासिक १८,००० रुपये मिळवणाऱ्या आणि ११ वर्षे ७ महिने सलग सेवा झालेल्या कामगाराची सेवा नुकसानभरपाईसाठी १२ वर्षे धरली जाते, कारण सहा महिन्यांपेक्षा अधिकचा भाग पूर्ण वर्ष मानला जातो. कपात झाल्यास त्याला दर वर्षाला १५ दिवसांचे सरासरी वेतन या दराने सुमारे १,०८,००० रुपये नुकसानभरपाई, एक महिन्याची नोटीस किंवा तिच्याऐवजी १८,००० रुपये, आणि नव्या संहितेनुसार पुनर्कौशल्य निधीतून (कपात झालेल्यांना नवे कौशल्य शिकता यावे यासाठीच्या निधीतून) १५ दिवसांचे वेतन म्हणजे सुमारे ९,००० रुपये मिळायला हवेत. ग्रॅच्युइटीचे सुमारे १,२४,६०० रुपये त्याला दोन्ही परिस्थितींत मिळतील. राजीनाम्यावर सही केली तर ग्रॅच्युइटी तेवढी राहते आणि १,३५,००० रुपयांवर पाणी सोडावे लागते.

नुकसान तेथे थांबत नाही. ईएसआयचा बेरोजगारी भत्ता अनैच्छिक बेरोजगारीसाठी आहे. राजीनामा देणाऱ्याला किंवा स्वेच्छानिवृत्ती घेणाऱ्याला तो मिळत नाही. वरील कामगाराचे दैनिक वेतन ढोबळमानाने ६०० रुपये धरले, तर दोन वर्षांत हा भत्ता दीड लाखाच्या पुढे जातो. याचा अर्थ स्वेच्छानिवृत्तीचा प्रस्ताव नेहमीच नाकारावा असा नाही. कंपनी देऊ करत असलेली रक्कम नुकसानभरपाई, नोटीस वेतन, पुनर्कौशल्याची रक्कम आणि बेरोजगारी भत्ता या सर्वांच्या बेरजेहून स्पष्टपणे अधिक असेल, तर तो विचार करण्याजोगा ठरू शकतो. निर्णय मात्र कागदावर आकडे मांडून, घरच्यांशी आणि संघटनेशी बोलून घ्यावा. गेटवर उभे असताना घेऊ नये.

मध्य प्रदेशात ही पत्रे बहुधा हिंदीत येतात. “स्वेच्छा से”, “त्यागपत्र”, “पूर्ण एवं अंतिम भुगतान प्राप्त” असे शब्द असलेल्या किंवा कोऱ्या कागदावर सही करू नये. सही करणे भागच पडले, तर तारीख घालून “हक्क राखून सही करत आहे” अशा आशयाचे वाक्य त्यावर लिहावे आणि मोबाइलवर त्याचा फोटो काढून ठेवावा.

कपात आणि कारखाना बंद होणे यांत काय फरक आहे?

कारखाना चालू ठेवून काही कामगार कमी केले तर ती कपात. त्यासाठी कामगाराची किमान एक वर्षाची सलग सेवा झालेली असल्यास एक महिन्याची कारणासह लेखी नोटीस, नुकसानभरपाई आणि सरकारला सूचना या तिन्ही गोष्टी आवश्यक असतात. बारा महिन्यांत २४० दिवस काम झाले असले की वर्ष सलग मानले जाते. त्या प्रकारच्या कामातील जो शेवटी लागला तो आधी जातो, हे तत्त्व मालकाने पाळायचे असते आणि ते मोडायचे असेल तर कारण नोंदवायचे असते.

संपूर्ण कारखाना बंद करायचा असल्यास ५० किंवा अधिक कामगारांच्या कारखान्याच्या मालकाने सरकारला ६० दिवस आधी नोटीस द्यावी लागते. कामगार ३०० किंवा अधिक असल्यास ९० दिवस आधी परवानगीचा अर्ज करावा लागतो; जुन्या कायद्यात ही मर्यादा १०० कामगारांची होती. अर्जावर ६० दिवसांत सरकारने निर्णय कळवला नाही तर परवानगी मिळाली असे धरले जाते, म्हणून कामगारांनी आपले लेखी म्हणणे त्या मुदतीच्या आत दाखल करणे फार आवश्यक आहे. बंदीच्या वेळीही नुकसानभरपाईचा दर १५ दिवसांच्या सरासरी वेतनाचाच आहे. पुनर्कौशल्य निधीची रक्कम मात्र कायद्याने फक्त कपातीसाठी ठेवली आहे. कारखानाच बंद पडलेल्या कामगाराला नव्या कौशल्याची गरज अधिक असताना त्यालाच यातून वगळावे, हे आम्हाला अन्यायकारक वाटते.

मालक म्हणतो की आयात आमच्या हाताबाहेरची आहे, म्हणून तीन महिन्यांचाच पगार मिळेल. हे बरोबर आहे का?

मालकाच्या नियंत्रणाबाहेरील अपरिहार्य परिस्थितीमुळे कारखाना बंद झाला, तर नुकसानभरपाई तीन महिन्यांच्या सरासरी वेतनापुरती मर्यादित राहते, हे खरे आहे. पण त्याच तरतुदीच्या स्पष्टीकरणात म्हटले आहे की केवळ आर्थिक अडचण किंवा तोटा, अथवा न विकलेल्या मालाचा साठा पडून राहणे, हे अशा अपरिहार्य परिस्थितीत मोडत नाही. स्वस्त आयातीने कारखाना अडचणीत येतो तो बहुतेक वेळा याच दोन मार्गांनी : माल विकला जात नाही आणि तोटा होतो. त्यामुळे फक्त आयातीकडे बोट दाखवून मालकाला तीन महिन्यांच्या मर्यादेचा आधार घेता येणार नाही, असा दावा कामगारांनी ठामपणे मांडावा. बंदीच्या नोटिशीत कोणते कारण लिहिले आहे ते शब्दशः वाचून ठेवावे, कारण पुढचा वाद त्याच शब्दांवर होतो.

ईएसआयचा बेरोजगारी भत्ता कोणाला, किती आणि किती काळ मिळतो?

राजीव गांधी श्रमिक कल्याण योजना १ एप्रिल २००५ पासून लागू आहे. कायद्यानुसार झालेली कपात किंवा कारखानाबंदी यांमुळे, अथवा कामाशी संबंध नसलेल्या दुखापतीमुळे ४० टक्के किंवा अधिक कायमचे अपंगत्व आल्यामुळे काम गेलेल्या विमाधारकाला तिचा लाभ मिळतो. किमान दोन वर्षांची वर्गणी भरलेली असावी लागते. पहिल्या बारा महिन्यांत सरासरी दैनिक वेतनाच्या ५० टक्के आणि पुढील बारा महिन्यांत २५ टक्के, असा एकूण २४ महिन्यांपर्यंत भत्ता मिळू शकतो. नवी नोकरी लागली किंवा निवृत्तीचे वय झाले की तो थांबतो. ईएसआयसाठी वेतनमर्यादा १ जानेवारी २०१७ पासून मासिक २१,००० रुपये आहे, त्यामुळे त्याहून अधिक पगार असलेले अनेक कुशल कामगार या आधाराबाहेर राहतात.

दुसरी योजना अटल बीमित व्यक्ती कल्याण योजना. ती १ जुलै २०१८ पासून प्रायोगिक स्वरूपात सुरू झाली आणि तिची मुदत वेळोवेळी वाढवण्यात आली आहे. अर्ज करताना चालू मुदत तपासावी. तिच्यात सरासरी दैनिक उत्पन्नाच्या ५० टक्के रक्कम जास्तीत जास्त ९० दिवसांसाठी, आयुष्यात एकदाच मिळते. काम जाण्यापूर्वी किमान दोन वर्षे विमायोग्य नोकरी, लगतच्या सहामाही वर्गणी कालावधीत किमान ७८ दिवसांची वर्गणी आणि त्या दोन वर्षांतील उरलेल्या तीनपैकी एका कालावधीत पुन्हा किमान ७८ दिवसांची वर्गणी, अशा तिच्या अटी आहेत. दोन्ही योजनांचे पैसे एकाच काळासाठी मिळत नाहीत. आपले काम कपात किंवा कारखानाबंदीने गेले असेल आणि तसे सिद्ध करणारे कागद हाती असतील, तर २४ महिन्यांचा भत्ता अर्थातच अधिक हिताचा आहे. मालकाने कोणतेही पत्र न देता गेटला कुलूप लावले असेल, तर कागद मिळवण्यात वेळ जातो. अशा वेळी कामगार कार्यालयात ताबडतोब लेखी तक्रार करावी, कारण तिची पोच हाच पहिला सरकारी पुरावा ठरतो.

अर्ज आपल्या ईएसआय शाखेत किंवा पोर्टलवर करता येतो. महामंडळाचे प्रादेशिक कार्यालय इंदुरात नंदा नगर येथे आहे. आधार, बँक खाते आणि विमा क्रमांक यांतील नावाचे स्पेलिंग सारखे आहे का, हे आधीच पाहून घ्यावे; मराठी आडनावे हिंदी आणि इंग्रजी नोंदींत वेगवेगळी लिहिली गेल्यामुळे अर्ज अडकू शकतात.

काम गेल्यावर ईएसआयच्या दवाखान्यातील उपचार लगेच बंद होतात का?

होत नाहीत. एप्रिल ते सप्टेंबर या काळातील वर्गणीवर पुढील जानेवारी ते जून, आणि ऑक्टोबर ते मार्चमधील वर्गणीवर पुढील जुलै ते डिसेंबर या काळाचे लाभ आधारलेले असतात. राजीव गांधी योजनेचा भत्ता चालू असेपर्यंत कामगाराला आणि त्याच्या कुटुंबाला वैद्यकीय सेवाही मिळते. घरात डायलिसिस, प्रसूती किंवा शस्त्रक्रिया ठरलेली असेल, तर हा मुद्दा भत्त्याइतकाच मोलाचा असतो.

भविष्य निर्वाह निधीचे पैसे काढावेत का?

गरजेपुरते काढावेत, पण पेन्शनच्या हिशेबाकडे लक्ष ठेवून. डिसेंबर २०१८ पासूनच्या नियमानुसार एक महिना बेरोजगार राहिल्यावर ७५ टक्के रक्कम आणि दोन महिन्यांनी उरलेली रक्कम काढता येत असे. ऑक्टोबर २०२५ मध्ये भविष्य निर्वाह निधी संघटनेच्या केंद्रीय विश्वस्त मंडळाने नियम बदलण्याचा निर्णय घेतला : ७५ टक्के रक्कम लगेच, २५ टक्के खात्यात राखून, आणि पूर्ण रक्कम बारा महिन्यांच्या बेरोजगारीनंतर. अर्जाच्या दिवशी पोर्टलवर कोणता नियम लागू आहे, ते पाहून पाऊल टाकावे.

पेन्शनसाठी दहा वर्षांची सेवा लागते. ज्यांची आठ-नऊ वर्षे झाली आहेत त्यांनी पेन्शनचा भाग काढून घेण्याऐवजी योजना प्रमाणपत्र घ्यावे; पुढच्या नोकरीतील वर्षे त्यात मिळवता येतात. पन्नाशीनंतर पेन्शन लवकर सुरू करता येते, पण ५८ वर्षांपूर्वीच्या प्रत्येक वर्षासाठी ती ४ टक्क्यांनी घटते आणि ही घट आयुष्यभर राहते.

मालकाने पगारातून पीएफ कापला पण भरला नाही, हे अडचणीतील कारखान्यांत घडते. आपले पासबुक दर महिन्याला पाहावे आणि हप्ता दिसला नाही तर रेसकोर्स रोडवरील कार्यालयात किंवा तक्रार पोर्टलवर तेव्हाच कळवावे.

ग्रॅच्युइटी कधी आणि किती मिळते?

पाच वर्षांच्या सलग सेवेनंतर, अंतिम वेतनाला १५ ने गुणून २६ ने भागायचे आणि सेवेच्या वर्षांनी गुणायचे. कमाल मर्यादा २० लाख रुपये आहे. ती ३० दिवसांत द्यावी लागते, त्यानंतर व्याज लागते. मुदतीच्या कराराने नेमलेल्या कामगाराला नव्या सामाजिक सुरक्षा संहितेत एक वर्षाच्या सेवेनंतरही त्या प्रमाणात ग्रॅच्युइटी मिळण्याची तरतूद आहे.

आम्ही ठेकेदाराकडून लागलो होतो. आम्हाला काही मिळेल का?

थकलेला पगार ठेकेदाराने दिला नाही तर तो देण्याची जबाबदारी मुख्य कारखानदारावर येते. पीएफ आणि ईएसआयच्या बाबतीतही मुख्य मालकाला हात झटकता येत नाहीत. नुकसानभरपाईसाठी मात्र ठेकेदाराकडील सलग सेवेचा पुरावा लागतो, आणि दरवर्षी ठेकेदाराचे नाव बदलून तो पुरावाच तोडला जातो. गेटपास, हजेरीकार्ड, बँकेत जमा झालेल्या पगाराच्या नोंदी आणि एकच सार्वत्रिक पीएफ खाते क्रमांक यांवरून सेवा जोडून दाखवता येते. हे कागद काम चालू असतानाच गोळा करून ठेवावेत. पर्यवेक्षक म्हणून काम करणाऱ्यांनी हेही लक्षात घ्यावे की मासिक १८,००० रुपयांहून अधिक वेतनाचा पर्यवेक्षक नव्या औद्योगिक संबंध संहितेत कामगार मानला जात नाही.

कंपनी दिवाळखोरीत गेली तर आमच्या पैशाचे काय होते?

२०१६ च्या दिवाळखोरी संहितेनुसार लिक्विडेशनपूर्वीच्या (म्हणजे मालमत्ता विकून कंपनीची देणी भागवण्याच्या प्रक्रियेपूर्वीच्या) २४ महिन्यांची कामगारांची देणी तारण असलेल्या धनकोंच्या बरोबरीने, बरीच वरच्या क्रमांकावर येतात. भविष्य निर्वाह, पेन्शन आणि ग्रॅच्युइटी या निधींतील कामगारांची रक्कम तर विकायच्या मालमत्तेत धरलीच जात नाही. पण दावा वेळेत दाखल झाला पाहिजे. लिक्विडेशन सुरू झाल्यापासून त्यासाठी ३० दिवस असतात, आणि सर्व कामगारांच्या वतीने एक प्रतिनिधी एकत्रित दावा करू शकतो. ही सूचना वर्तमानपत्रात प्रसिद्ध होते, घरी पत्र येईलच असे नाही.

एकत्र राहण्याचे महत्त्व इंदूरला वेगळे सांगायला नको. हुकुमचंद मिल डिसेंबर १९९१ मध्ये बंद पडली. तिच्या बंद पडण्याची कारणे अनेक होती आणि परदेशी माल हे त्यांतले प्रमुख कारण म्हणता येणार नाही. पण देणी मिळवण्याची वाट कशी असते हे त्या प्रकरणाने दाखवले. सुमारे ४,८०० कामगारांच्या देण्यांचे सुमारे २२४ कोटी रुपये २५ डिसेंबर २०२३ रोजी, म्हणजे ३२ वर्षांनी, सुपूर्द झाले. तोपर्यंत कित्येक कामगार निवर्तले होते आणि त्यांच्या वारसांनी हक्क सांगितला. परदेशीपुरा, पाटनीपुरा आणि नंदा नगर या वस्त्यांतील ज्या घरांनी हजेरीकार्डे आणि वेतनचिठ्ठ्या जपून ठेवल्या, त्यांच्याजवळ आपला हक्क दाखवण्याचा आधार शिल्लक होता. आपल्या कागदांत वारसाचे नाव नोंदवलेले आहे का, हे आजच पाहावे.

सरकारने आयातीवर अँटी-डंपिंग शुल्क, म्हणजे अवाजवी स्वस्त दराने येणाऱ्या परदेशी मालावरचे जादा शुल्क, लावले तर कामगारांना काय मिळते?

थेट काहीही मिळत नाही. शुल्काचा पैसा सरकारी तिजोरीत जातो. त्याचा लाभ कारखाना तगून राहण्यात असतो. वाणिज्य विभागातील व्यापार उपाययोजना महासंचालनालय चौकशी करते आणि वित्त मंत्रालय शुल्क लावते. ते साधारण पाच वर्षे टिकते. अर्ज देशी उत्पादकांनी करायचा असतो आणि त्याला पाठिंबा देणाऱ्यांचे उत्पादन एकूण देशी उत्पादनाच्या किमान २५ टक्के असावे लागते. कामगार संघटनेला तो अर्ज करता येत नाही, परंतु हानी ठरवताना रोजगार आणि वेतन यांवरील परिणामही पाहिला जातो. म्हणून संघटनेने कमी झालेल्या पाळ्या आणि घटलेली कामगारसंख्या यांची तारीखवार नोंद ठेवून ती कंपनीला द्यावी.

शुल्काला दुसरी बाजूही असते. एप्रिल २०२५ मध्ये काही पोलाद उत्पादनांवर २०० दिवसांसाठी १२ टक्के तात्पुरते सेफगार्ड शुल्क (आयात एकाएकी वाढल्यास देशी उद्योगाच्या संरक्षणासाठीचे शुल्क) लावण्यात आले. त्याने पोलाद गिरण्यांना आधार मिळाला, तरी तेच पोलाद घेऊन सुटे भाग बनवणाऱ्या पीथमपूरसारख्या ठिकाणच्या लहान कारखान्याचा कच्चा माल त्यामुळे महाग होऊ शकतो. एका कामगाराचे संरक्षण दुसऱ्याच्या कामावर येऊ शकते, आणि नेमके म्हणूनच शुल्काबरोबर कामगारांसाठी वेगळ्या मदतीची गरज आहे, असे आमचे मत आहे.

नवे कौशल्य शिकण्यासाठी किंवा स्वतःचा धंदा सुरू करण्यासाठी काय आहे?

राजीव गांधी योजनेचा भत्ता घेणाऱ्याला व्यावसायिक प्रशिक्षण घेता येते आणि त्याचे शुल्क व प्रवासखर्च ईएसआय देते. ही सोय फार थोडे लोक मागतात. अर्जातच ती मागावी. राज्याची मुख्यमंत्री सीखो-कमाओ योजना १८ ते २९ वयोगटासाठी असल्यामुळे चाळिशीतल्या कामगाराला तिचा उपयोग नाही, मात्र त्याच्या मुलाला किंवा मुलीला होऊ शकतो. प्रधानमंत्री रोजगार निर्मिती कार्यक्रमात उत्पादन उद्योगासाठी ५० लाखांपर्यंत आणि सेवा उद्योगासाठी २० लाखांपर्यंतच्या प्रकल्पाला बँकेचे कर्ज मिळू शकते आणि प्रवर्ग व ठिकाण यांनुसार १५ ते ३५ टक्के अनुदान असते. नुकसानभरपाईची सर्व रक्कम अशा धंद्यात घालू नये. किमान सहा महिन्यांचा घरखर्च बाजूला ठेवूनच विचार करावा.

कारखाना पुन्हा भरती करू लागला तर आम्हाला आधी घेतील का?

कपातीनंतर एक वर्षाच्या आत मालकाने भरती केली, तर कपात झालेल्या कामगारांना आधी संधी देणे त्याच्यावर बंधनकारक आहे. आपला चालू पत्ता आणि फोन क्रमांक कंपनीला लेखी कळवून त्याची पोच ठेवावी.

या पैशांवर आयकर लागतो का?

कपातीची नुकसानभरपाई ठरावीक मर्यादेत, कमाल ५ लाख रुपयांपर्यंत, करमुक्त असते. पाच वर्षांच्या आत पीएफ काढल्यास कर लागतो. पण मालकाचा व्यवसाय आकुंचित झाल्यामुळे किंवा बंद पडल्यामुळे नोकरी गेली असेल तर त्यातून सूट आहे. येथेही नोकरी सुटण्याचे जे कारण पीएफच्या नोंदीत लिहिले जाते तेच ग्राह्य धरले जाते, म्हणून पोर्टलवर मालकाने कोणते कारण भरले आहे ते तपासावे आणि चुकीचे असल्यास दुरुस्तीचा लेखी अर्ज द्यावा.

तक्रार कोठे आणि किती मुदतीत करावी? वकिलाचा खर्च परवडत नसेल तर?

कपात किंवा बंदीनंतर थकलेले वेतन दोन कामकाजाच्या दिवसांत मिळायला हवे. ते किंवा नुकसानभरपाई मिळाली नाही, तर कारखाना ज्या जिल्ह्यात आहे तेथील कामगार कार्यालयातील समेट अधिकाऱ्याकडे अर्ज करावा. राज्याच्या कामगार आयुक्तांचे मुख्यालय इंदुरात असले, तरी पीथमपूर धार जिल्ह्यात मोडते, हे घर इंदुरात आणि काम पीथमपुरात असणाऱ्यांनी ध्यानात घ्यावे. नव्या संहितेनुसार वाद उद्भवल्यापासून दोन वर्षांनंतर समेट अधिकाऱ्याला प्रकरण हाती घेता येत नाही. अर्ज केल्यापासून ४५ दिवसांत तोडगा निघाला नाही, तर कामावरून काढलेला कामगार स्वतः औद्योगिक न्यायाधिकरणाकडे जाऊ शकतो.

१९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्यात औद्योगिक कामगाराला उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळण्याचा हक्क दिला आहे. त्यासाठी जिल्हा न्यायालयातील विधी सेवा प्राधिकरणाकडे साधा अर्ज पुरतो; १५१०० या राष्ट्रीय क्रमांकावरही माहिती मिळते. अर्ज हिंदीत लिहिणे जड जात असेल, तर तो लिहून देण्याची विनंतीही तेथेच करता येते. जाताना नेमणूकपत्र, शेवटच्या तीन महिन्यांच्या वेतनचिठ्ठ्या, ईएसआय कार्ड, पीएफचे पासबुक आणि कामावरून कमी केल्याचे पत्र यांच्या प्रती न्याव्यात; मूळ कागद कोणाच्याही हाती देऊ नयेत.